एकच रस्ता, दोन टेंडर: २.१ टक्के अबव्ह ते १४ टक्के बिलो

सोलापूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेचं काम आहे. एका प्रभागातले अंतर्गत रस्ते काँक्रीट करायचे आणि बाजूनं आरसीसी गटार बांधायचं, अंदाजपत्रक ४८ लाखाचं, जीएसटी सोडून. या एकाच कामाचं टेंडर दोनदा निघालं. पहिल्या वेळी सगळ्यात कमी रेट आला २.१ टक्के अबव्ह, म्हणजे अंदाजपत्रकाहून जास्त, आणि दुसऱ्या वेळी आला १४ टक्के बिलो, म्हणजे कमी. रस्ता तोच, अंदाजपत्रक तेच, दरसूची म्हणजे सरकारी दरांची यादी तीच, मधे सिमेंट काय एवढं स्वस्त झालं नव्हतं. बदलल्या त्या फक्त दोन अटी, म्हणजे कागद म्हणाल तर दोनच कागद. त्या दोन कागदांनी पब्लिकचे साधारण पावणेआठ लाख कसे जात होते ते नीट सांगावं म्हणून हे सगळं लिहितोय.

नगरपरिषदेचं नाव देत नाही, ठेकेदारांची पण नाही. अंदाजपत्रकाचा आकडा हिशेबाला सोपा जावा म्हणून गोल केलाय, टक्के तेच ठेवलेत. मी सोलापुरात छोट्या ठेकेदारांची टेंडरं भरून देतो, डिजिटल सही, ईएमडी म्हणजे बयाणा रक्कम, कागद अपलोड, बिड कपॅसिटीचा म्हणजे ठेकेदार अजून किती काम घेऊ शकतो त्याचा हिशेब, सगळं, त्यामुळं हे प्रकरण पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलावर होतं.

ज्यांना सिस्टिम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्रात सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या कामांचं ई-टेंडर महाटेंडर्स पोर्टलवर निघतं. ई-टेंडरची मर्यादा आधी ३ लाख होती, नंतर ती १० लाख केली. ४८ लाखाला अर्थातच ई-टेंडर. लिफाफे दोन, पहिल्यात कागदपत्रं, दुसऱ्यात रेट. बी-१ फॉर्म असला की प्रत्येक आयटमचा वेगळा रेट भरायचा नसतो, अख्ख्या अंदाजपत्रकावर किती टक्के कमी किंवा जास्त एवढंच टाकायचं, बी-२ मधे आयटमवार रेट असतो. आपलं काम बी-१ चं होतं.

आता पोर्टलची सगळ्यात मोठी ताकद कुठली, तर गुप्तता. मुदत संपेपर्यंत कोणी भरलंय, किती जणांनी भरलंय हे कोणालाच कळत नाही, ऑफिसला पण नाही. बिड लॉक असतं, ते अधिकाऱ्यांच्या डिजिटल सहीनंच उघडतं आणि तेही ठरलेल्या वेळेनंतर. पूर्वी टेंडर पेटीजवळ पोरं उभी असायची, कोण फॉर्म घेतोय कोण टाकतोय सगळं दिसायचं, ते बंद व्हावं म्हणून तर ही सगळी यंत्रणा उभी केली. समोर किती जण आहेत हे माहीत नसलं की माणूस रेट विचार करून टाकतो. आणि समोर कोण आहे हे आधीच कळलं की फोन करता येतो, मग रेट फोनवरच ठरतो.

तर पहिल्या टेंडरमधल्या दोन अटी. एक, काम पाहिल्याचा दाखला, ठेकेदारानं जागेवर जाऊन पाहणी करायची आणि नगरपरिषदेच्या अभियंत्याच्या सहीचा तसा दाखला घेऊन तो पहिल्या लिफाफ्यात जोडायचा, दाखला नसेल तर अपात्र. दोन, २५ किलोमीटरच्या आत स्वतःचा आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटचा प्लांट पाहिजे किंवा अशा प्लांटशी टाय-अप केल्याचं प्लांट मालकाचं पत्र पाहिजे.

वरवर बघितलं तर दोन्ही अटी शहाण्यासारख्याच वाटतात, आणि म्हणूनच त्या टिकतात. जागा न बघता रेट टाकू नये हे बरोबरच आहे, आपल्याकडं काळी माती, पावसाळ्यात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, खाली मुरमाचा थर किती लागणार हे जागेवर गेल्याशिवाय कळत नाही. पण जागा बघणं वेगळं आणि बघितल्याची सही अभियंत्याकडनं आणणं वेगळं. सही आणायला गेलं की तुमचं नाव ऑफिसात कळलं. टाय-अपचं पत्र मागायला गेलं की प्लांटवाल्याला कळलं. पोर्टलनं जे झाकलं ते या दोन कागदांनी मुदतीच्या आधीच उघडं केलं.

आमचा ठेकेदार तरुण पोरगा, सिव्हिल इंजिनिअर, दक्षिण सोलापूरचा, जिल्हा परिषदेची आणि बांधकाम खात्याची कामं केलेला, नोंदणीचा वर्ग या कामाला पुरेल असा. बिड कपॅसिटी पण बसत होती. ते सूत्र ए गुणिले एन गुणिले २ वजा बी असं असतं, ए म्हणजे मागच्या ५ वर्षांतलं एका वर्षातलं सगळ्यात जास्त काम, एन म्हणजे या कामाची मुदत वर्षात, बी म्हणजे हातात असलेली कामं. पोरगा दाखल्यासाठी गेला तर अभियंता साहेब मीटिंगला, परत गेला तर साइटवर, असं करत करत मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारी दाखला मिळाला. प्लांटचं पत्र तर अजून अवघड. त्या २५ किलोमीटरमधे प्लांट दोनच, एक बंद असल्यासारखा, दुसऱ्याचा मालक म्हणाला "मालक, पत्र द्यायला माझी ना नाय, पण जरा विचारून सांगतो." कोणाला विचारून? प्लांट त्याचा, काँक्रीट विकायचा धंदा त्याचा, गिऱ्हाईक स्वतःहून दारात आलेलं. शेवटी पोराच्या एका पाहुण्याच्या ओळखीनं पत्र मिळालं.

दाखला मिळाला त्याच दिवशी संध्याकाळी फोन आला. आवाज अगदी गोड. "मालक, ते काम आमचं ठरलेलं आहे, तुम्ही कशाला येवढ्या लांब येताय, पुढच्याला तुमचं बघू की." फोनवाला कोण ते पोरानं मला सांगितलं, मी इथं लिहीत नाही. मुद्दा एवढाच की दुपारी नगरपरिषदेत झालेली सही संध्याकाळपर्यंत त्या माणसापर्यंत पोचली होती.

पोरगा घाबरला नाही. "भरायचंच, दादा" म्हणला, आणि भरलं.

टेक्निकल म्हणजे कागदपत्रांचा पहिला लिफाफा उघडला, चार टेंडर आलेली. आमचं अपात्र. कारण काय तर काम पाहिल्याच्या दाखल्यावर जावक क्रमांक नाही. दाखला दिला त्यांनी, सही त्यांची, शिक्का त्यांचा, जावक रजिस्टर त्यांचं, आणि क्रमांक नाही म्हणून बाद आम्ही. राहिले तिघं. पहिल्या कॉलला, म्हणजे टेंडर पहिल्यांदा निघतं तेव्हा, साधारण तीन पात्र टेंडर लागतात, नाहीतर मुदतवाढ द्यावी लागते किंवा पुन्हा कॉल काढावा लागतो, म्हणून या धंद्यात सपोर्ट टेंडर नावाचा प्रकार आहे. काम एकाला घ्यायचं असतं, बाकीचे दोघं आकडा भरायला येतात, त्यांचा रेट जाणूनबुजून वर ठेवलेला असतो. तीनचा नियम स्पर्धा व्हावी म्हणून केलेला, आणि बरोबर तोच नियम सपोर्टवाल्यांना जन्माला घालतो. यावर माझं स्पष्ट मत आहे की तीन कागद आले म्हणजे तीन स्पर्धक आले असं धरणं बंद केलं पाहिजे, कागद उघडून बघितले पाहिजेत.

दुसऱ्याच दिवशी घाईनं फायनान्शियल, म्हणजे रेटचा लिफाफा उघडला. २.१ टक्के अबव्ह, ३.४ अबव्ह, ४.९ अबव्ह. मग पहिल्याला वाटाघाटीला बोलवायचं, त्यानं मोठ्या मनानं अॅट पार, म्हणजे बरोबर अंदाजपत्रकाच्या आकड्यावर यायचं आणि टिपणीत लिहायचं की नगरपरिषदेचे एक लाख वाचवले. केंद्रीय दक्षता आयोगाचं ३ मार्च २००७ चं परिपत्रक सांगतं की टेंडर उघडल्यावर वाटाघाटी करूच नयेत, अगदी अपवादात गरज पडली तर फक्त सगळ्यात कमी रेटवाल्याशी. ते केंद्राच्या यंत्रणांसाठी आहे, पण त्यामागचा विचार इथंही तसाच लागू होतो. वाटाघाटी हमखास होणार हे माहीत असलं की प्रत्येक जण आधीच रेट फुगवून ठेवतो.

आता जे सापडलं ते. टेक्निकल उघडल्यावर भाग घेतलेल्याला दुसऱ्यांची कागदं पोर्टलवर बघता येतात, बहुतेक लोक बघतच नाहीत, हरलो म्हणून गप बसतात. मी तिघांच्या फायली डाउनलोड करून शेजारी शेजारी ठेवल्या. तिघांच्या प्रतिज्ञापत्राचे स्टँप एकाच दिवशी घेतलेले, एकाच व्हेंडरकडनं, आणि नंबर सलग. मजकूर शब्दाला शब्द तोच, "कंत्राटदार" शब्दातला अनुस्वार तिन्हीकडं एकाच ओळीत गायब. मशिनरीच्या यादीत एमएच १३ चा एकच टिपर दोघांच्या मालकीचा. काम पाहिल्याचे तिघांचे दाखले एकाच तारखेचे आणि जावक क्रमांक पण एकापाठोपाठ एक. म्हणजे तिघं एकाच वेळी ऑफिसात होते किंवा एकच माणूस तिघांचे घेऊन गेला. आणि आमच्या दाखल्यावर क्रमांक टाकायचाच राहिला.

पोरगा चिडलेला, त्याला अर्जात रिंग, भ्रष्टाचार, मिलीभगत सगळं लिहायचं होतं. मी म्हणलं, यातलं एक अक्षर लिहायचं नाही. स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३(३)(ड) मधे संगनमतानं टेंडर भरणं सरळ बेकायदा आहे, दंडही जबर आहे, पण ते सिद्ध करायला दिल्लीच्या स्पर्धा आयोगापुढं जावं लागतं आणि ४८ लाखाच्या गटारासाठी तिथं कोण जाणार. अर्जात फक्त कागद बोलू द्यायचे. एक पान, चार मुद्दे. स्टँपचे नंबर, टिपरचा नंबर, दाखल्यांचे जावक क्रमांक आणि आमच्या दाखल्याची झेरॉक्स. खाली मागणी तीन: आमची अपात्रता फेरतपासा, तोवर वर्क ऑर्डर देऊ नका, आणि तिघांच्या कागदपत्रांची चौकशी करून नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला कळवा. अर्ज मुख्याधिकाऱ्यांना, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नगरपालिका शाखेला आणि पुण्याला विभागीय आयुक्त कार्यालयाला. तिन्हीकडं आवकचा शिक्का घेतला, व्हॉट्सअॅपवर पाठवून मोकळं झालो असं केलं नाही.

त्या काळात नगरपरिषदेत निवडून आलेलं कोणीच नव्हतं, मुदत संपून प्रशासक बसलेला. त्यामुळं सभेत उठून विचारणारा नगरसेवक पण नाही आणि विषय वृत्तपत्रात यायची वाट पण बंद. लोकांना वाटतं नगरसेवक नसले की टक्केवारी थांबते, माझा अनुभव तसा नाही, नजर ठेवणारं एक माणूस कमी होतं एवढंच.

वकिलाला पण विचारलं. त्यांनी दोन निकाल सांगितले ते सगळ्या छोट्या ठेकेदारांनी लक्षात ठेवावेत असे आहेत. १९७९ चा रमणा दयाराम शेट्टी खटला, मुंबई विमानतळावरच्या रेस्टॉरंटचं टेंडर, ५ वर्षांचा अनुभव पाहिजे अशी अट होती आणि दिलं अट न बसणाऱ्याला. सुप्रीम कोर्ट म्हणालं की सरकारी संस्थेनं स्वतः जी अट घातली ती तिला स्वतःलाच बांधून ठेवते, मनाला येईल तशी सोडता येत नाही. पण तो करार रद्द नाही झाला, कारण अर्जदार उशिरा कोर्टात आला, तोवर समोरच्यानं पैसे खर्च केले होते. दुसरा १९९४ चा टाटा सेल्युलर, कोर्ट निर्णय बरोबर की चूक हे बघत बसणार नाही, निर्णय कुठल्या पद्धतीनं घेतला ते बघेल. म्हणजे "माझा रेट चांगला होता" हे कोर्टात चालत नाही, "मला बाद करायची पद्धत चूक होती" हे चालतं, आणि तेही वर्क ऑर्डर निघायच्या आत गेलात तर. आता तर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर जिल्हा त्यात आहे, मुंबई गाठायची गरज उरली नाही. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही.

जिल्ह्यातनं नगरपरिषदेला अहवाल मागितला गेला आणि काही दिवसांनी पोर्टलवर टेंडर रद्द झालं. कारण लिहिलं "प्रशासकीय कारणास्तव". दोन शब्द. स्टँपबद्दल काही नाही, टिपरबद्दल नाही, आमच्या दाखल्याबद्दल नाही.

दुसरा कॉल निघाला तेव्हा अटी बदललेल्या. अभियंत्याच्या दाखल्याऐवजी ठेकेदाराचं स्वतःचं हमीपत्र आणि जागेचा जिओटॅग फोटो. आरएमसीऐवजी आरएमसी किंवा वेट बॅचिंगचा, म्हणजे माल वजन करून घेणारा मिक्सर, दोन्हीपैकी काहीही, पण एम-३० ग्रेडचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, पास झाले पाहिजेत. हे मला फार पटलं, कारण नगरपरिषदेला पाहिजे ते पक्कं काँक्रीट, ते कोणाच्या प्लांटमधनं आलं याच्याशी घेणं काय? अट रिझल्टवर घालावी, कोणाच्या दारातनं माल येतो यावर घालू नये.

यावेळी टेंडर आली सहा, पात्र पाच. सगळ्यात कमी १४ टक्के बिलो, आमच्या पोराचं ९.२ बिलो, दुसरा नंबर. आणि तिसरा कोण होता माहितीये, पहिल्या वेळी २.१ अबव्ह टाकून काम घ्यायला निघालेला तोच ठेकेदार, यावेळी ६.८ बिलो. ज्या माणसाला काही आठवड्यांपूर्वी ४९ लाखाच्या खाली परवडत नव्हतं त्याला आता पावणेपंचेचाळीस लाखात परवडायला लागलं. या अख्ख्या प्रकरणात कोणाला एकच पुरावा दाखवायचा म्हणला तर मी हा दाखवीन.

पैशाचा हिशेब असा. पहिल्या कॉलचा रेट धरला तर ४९ लाख ८०० रुपये. दुसऱ्याचा ४१ लाख २८ हजार. फरक ७ लाख ७२ हजार ८००. वाटाघाटीत तो अॅट पार आला असता असं धरलं तरी ६ लाख ७२ हजार.

पण इथं थांबून आनंद करून चालत नाही. १४ टक्के बिलो म्हणजे काळजीचाच विषय आहे. दरसूचीच्या रेटमधे ठेकेदाराचा नफा धरलेलाच असतो, त्याच्याही खाली गेला की माणूस एकतर स्वतःची मशिनरी आणि खडी असलेला असतो नाहीतर काम खाणारा. यासाठीच जादा अनामत ठेवतात. या टेंडरच्या अटीत १० टक्के बिलोपर्यंत १ टक्का, १० ते १५ मधे वरच्या प्रत्येक टक्क्याला अजून १ टक्का, आणि १५ च्या खाली गेलं की प्रत्येक टक्क्याला २ टक्के. १४ बिलोला म्हणजे १ अधिक ४, एकूण ५ टक्के, ४८ लाखावर २ लाख ४० हजार. १९ बिलो टाकला असता तर १ अधिक ५ अधिक ८, चौदा टक्के जमा करावी लागली असती. खालच्या रेटवर सरसकट बंदी घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं, ज्याला खरंच परवडतं तो पैसे अडकवतो आणि काम करतो, ज्याला पळून जायचंय तो आधीच विचार करतो.

१४ वाल्याची स्वतःची खडी क्रशर होती. काम चालू असताना पोरगा आणि मी एकदा साइटवर गेलो, हरलेल्यानं जिंकलेल्याचं काम बघायला जाणं विचित्र वाटत असेल पण बघायचं होतंच. काळी माती खणून काढलेली, मुरूम पसरून रोलर फिरलेला, क्यूबवर तारीख टाकून ओळीनं ठेवलेले. त्रयस्थ तपासणीवाल्यांनी एका ठिकाणी गटाराच्या भिंतीत सळईवरचं काँक्रीटचं कव्हर कमी सापडलं म्हणून तेवढा तुकडा तोडायला लावला आणि त्यानं तो परत केला. एमबीत, म्हणजे मोजमाप वहीत, मोजमापं नीट, दोषदायित्वाचा काळ, म्हणजे काही बिघडलं तर ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायचा काळ, चालू आहे, तोवर अनामत नगरपरिषदेकडंच राहणार. काम चांगलं झालंय असं मी सांगू शकतो, निदान आत्तापर्यंत.

पोराला काम मिळालं नाही. त्याला वाईट वाटलं, मलाही. पण ९.२ च्या पुढं तो आलाच नसता, त्याला खडी विकत घ्यावी लागते. रेटवर हरला, जावक क्रमांकावर हरला नाही, आणि तो स्वतः पण हेच म्हणतो.

राहिली तिसरी मागणी, चौकशीची. तिचं काहीच झालं नाही. ते तिघं आजही दुसऱ्या नगरपरिषदांत भरतात, आणि काम पाहिल्याच्या दाखल्याची अट पण जिल्ह्यात दुसरीकडं परत दिसली. पोरानं माहिती अधिकारात रद्द करण्याची टिपणी आणि दाखल्यांच्या जावक रजिस्टरची पानं मागितली. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे होतं, आलं ते कलम ८(१)(ड) दाखवून नकाराचं, म्हणे व्यापारी गुपित. ऑफिसच्या जावक रजिस्टरमधे कोणाचं व्यापारी गुपित असतं ते त्यात लिहिलेलं नाही. पहिलं अपील पण फेटाळलं. दुसऱ्या अपिलाला ९० दिवस असतात, ते पुण्याला राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडं मुदतीत दाखल केलंय, सोबत तिघांच्या स्टँपच्या झेरॉक्स लावल्यात, आणि सुनावणीची तारीख अजून यायची आहे.